पडद्याच्या दोन कडा

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच कोडं नको. माझ्या नवऱ्याला काचबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांना. कडेचं सगळं गेलंय, मधलं तेवढं उरलंय, आणि ते उरलेलं तरी राहावं म्हणून मी रोज त्यांना समोर बसवून डोळ्यांत थेंब घालते. ही गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली नाही. आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते मला कळल्यानंतर. मला कळली ती इथेच, सोलापुरात, गणवेशांच्या एका प्रदर्शनात, पन्नास फूट रुंद पडद्यावर चित्र बसवताना. भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, साउंडवाल्यांचं ‘हॅलो हॅलो’ चाललेलं असताना.

आमचं व्हिडिओचं काम आहे. भवानी पेठेत दुकान, वर घर. लग्न, मुंज, शाळेचं गॅदरिंग, कुणाचा सत्कार, काय असेल ते. नुसतं शूटिंग नाही, तर चालू कार्यक्रम तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर दाखवायचा, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या आत्याबाईंनाही अंतरपाट दिसला पाहिजे. मी कॅमेऱ्यावर असते आणि आमचे हे मिक्सरवर. मिक्सर म्हणजे बटणांचं एक टेबल असतं. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कधी पडद्यावर जायचं ते तिथे ठरतं. कॅमेरा हलवणारे खूप भेटतात, पण कधी काय दाखवायचं हे कळणारा माणूस लाखात एक. आणि हे माझा नवरा म्हणून म्हणत नाही. नवरा म्हणून बोलायला लागले तर चांगलं फार थोडं निघेल.

मी पंढरपूरजवळच्या करकंबची. लग्न होऊन आले तेव्हा कॅमेऱ्याला हात लावायचीही भीती वाटायची. ह्यांनीच शिकवलं. ह्यांचे वडील शिंपी, शाळांचे गणवेश शिवायचे, त्यामुळे हेही आधी शिलाई शिकले आणि मग व्हिडिओच्या नादाला लागले. शिकवायचेसुद्धा शिंप्यासारखेच. ‘अगं, चित्र बेतून घ्यायचं. आधी कापलंस तर परत जोडता येत न्हाय.’ मी म्हणायचे, तुम्ही कॅमेरा शिकवताय का ब्लाऊज? पण बेतायला शिकले, हे खरं.

माझं तोंड फाटकं आहे, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. गेल्या वर्षभरात ते जरा जास्तच चालत होतं. कारण ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. जेवताना डावीकडे ठेवलेला पाण्याचा तांब्या हमखास लवंडायचा. मी शेजारीच उभी असायचे, बोलायला तोंड उघडलं की हे दचकायचे, ‘अगं, तू हितं हायस व्हय?’ डोक्यात तिडीक जायची माझ्या. मी म्हणायचे, डोळे कुठे गहाण टाकलेत का? हे सगळं हसून घालवायचे. ‘तुझ्याकडं बघून बघून दमलेत बघ,’ म्हणायचे. मला वाटायचं, वय झालं, लक्ष उडालं, मोबाइलचं वेड लागलं. बायकोला जे जे वाटू शकतं ते सगळं वाटून झालं होतं. तेवढं एक सोडून.

त्यावर लोक मला समजावतात, तुझी चूक नव्हती. अहो, माहीत आहे मला! हा आजार गुपचूप येतो, दुखत नाही, खुपत नाही, ज्याला होतो त्यालाच पत्ता नसतो, मग मला कुठून असणार? मी रडते ते चूक झाली म्हणून नाही. मला माझा नवरा अख्खाच्या अख्खा दिसतो आणि त्याला मी अख्खी दिसत नाही, म्हणून रडते. ह्याच्यावर कुणाकडे समजूत असेल तर सांगा.

तर प्रदर्शन. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातल्या काही जणांनी मिळून घाट घातला होता. शाळेचे, दवाखान्याचे, हॉटेलचे, वॉचमनचे गणवेश घालून माणसं चालत येणार, फॅशन शोसारखी. जागा म्हणजे एक जुनी, खिडक्या बुजवलेली लांबलचक शेड. छत बुटकं, लांबी मात्र बघत राहावी अशी. माणसं दोन्ही टोकांकडून एकदम निघणार, मध्ये भेटणार आणि तिथून पुढे येणार. त्यांच्या मागे पडदा हवा, त्यावर तेच सगळं मोठं दिसायला हवं. छत बुटकं, म्हणून पडदा उंच घेता येईना. मग आयोजकांपैकी एक काका म्हणाले, उंच नाही तर नाही, रुंद करा. एलईडीची भिंत त्या दिवसांत लग्नसराईमुळे मिळत नव्हती. ह्यांनी छाती पुढे काढून सांगून टाकलं, ‘आमी करतो की. पन्नास फूट.’

घरी आल्यावर मी विचारलं, ‘पन्नास फूट? पडदा हाय का पंढरपूर रोड?’

‘तू बघच,’ म्हणाले. डोळे असे चमकत होते! मी पुष्कळ वर्षांत ह्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

आता पन्नास फुटांचा पडदा आणायचा कुठून? जोड दिलेला चालत नाही, कारण उभा जोड दिला की चित्रातल्या माणसाच्या तोंडावरून रेघ जाते. त्यावर तोडगा ह्यांनीच काढला. आमच्या गल्लीत एका तेलुगू घराचे माग आहेत, डबल बेडच्या चादरी निघतात. त्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, चांगली नऊ फूट. तेच कापड आडवं लावलं तर उंची झाली नऊ फूट, आणि लांबी काय, माग चालू ठेवला की हवी तेवढी. मागवाल्या अण्णांनी विचारलं, ‘एवढी मोठी चादर कुणाच्या पलंगाला हो?’ हे म्हणाले, ‘गावाच्या.’ उजेड मागे गळू नये म्हणून त्याला पाठीमागून काळं अस्तर हवं होतं, ते ह्यांनी सासऱ्यांच्या जुन्या मशीनवर स्वतः शिवलं. खाली मान घालून, सुईवर नजर लावून. टीप अशी सरळ, जणू पट्टीनं आखलेली. मग मला तरी कसा संशय यावा?

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच सामान घेऊन गेलो. टेम्पो हेच चालवत होते. वाटेत एका मोटारसायकलवाल्याला डावीकडून घासता घासता राहिलो. तो शिव्या घालत गेला, ह्यांनी त्याला घातल्या, मी दोघांना घातल्या. आणि विसरून गेलो.

पन्नास फुटांवर एका प्रोजेक्टरचं चित्र पुरत नाही. दोन लागतात, शेजारी शेजारी. डाव्याचं चित्र डाव्या अर्ध्यावर, उजव्याचं उजव्या अर्ध्यावर, आणि मधोमध दोन्ही चित्रं एकमेकांवर थोडी चढवायची. चढवलेल्या पट्ट्यात दोन्हींचा उजेड हळूहळू मंद करत न्यायचा, म्हणजे जोड दिसत नाही, एकच चित्र वाटतं. बाकीचे लोक हे जुळवायला लॅपटॉपवरच्या रेघांची जाळी टाकतात. आमच्याकडे पद्धत वेगळी. मी चौकडीच्या कापडाचा तुकडा ताणून कॅमेऱ्यासमोर धरायचा, त्याचं चित्र अख्ख्या पडद्यावर टाकायचं, आणि ह्यांनी मधल्या जोडावर चौकडी चौकडीला मिळवायची. शर्टाच्या पुढच्या पट्टीवर शिंपी मिळवतो तशी. ‘पट्टी जुळली की शर्ट झाला,’ असं ह्यांचं म्हणणं. आणि खरंच, लॅपटॉपवाल्यांपेक्षा आमचा जोड नितळ यायचा.

फक्त एक होतं. ह्या पद्धतीत सगळी नजर मधल्या पट्टीवर. आजवरचे पडदे लहान होते, मधोमध बघितलं की कडांचा अंदाज यायचाच. इथे कडा पंचवीस-पंचवीस फूट लांब.

कापड मी एका फळीला टाचून कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि पडद्याच्या डाव्या टोकाला गेले. साउंडवाल्यांचा धडाका चालू होता, हाक मारली तरी ऐकू जाईना. असल्या वेळी आमच्या हाताच्या खुणा ठरलेल्या. मूठ म्हणजे झकास, तळवा म्हणजे थांबा, हात आत ओढला म्हणजे चित्र आत घ्या. डावीकडचं चित्र पडद्याच्या बाहेर सांडलं होतं, चांगलं दोन हात. मागच्या पत्र्यावर चौकड्या दिसत होत्या. मी हात आत ओढायची खूण केली. हे प्रोजेक्टरपाशी मधोमध उभे, तोंड पडद्याकडे. काही नाही. परत केली. काही नाही. दोन्ही हात वर करून ओवाळले. तरी हे आपले जोडाकडे बघत, समाधानानं मान डोलावत. वर मला विचारतात, ओरडून, ‘डावीकडं बरोबर हाय का गं? तू हायस कुटं?’

तूऽऽ हायस कुटं! मी अशी खवळले! प्रोजेक्टरच्या झगझगीत उजेडात, हिरव्या साडीत, हात पसरून उभी आहे मी, शेडमधल्या शेंगदाणेवाल्यालासुद्धा दिसतेय, आणि हा माणूस मला विचारतो कुठे आहेस. थट्टा करतायत असं वाटलं. मी पडद्याला लागून मधल्या जोडाकडे चालत निघाले, हात वर धरून, पंजा हलवत, तोंडानं शिव्या हासडत. अंगावरून चौकड्या सरकत होत्या. हे बघतायत सरळ समोर. मी निम्मं अंतर आले. हे सरळ समोर. मी आणखी पुढे आले. आता शिव्या थांबल्या होत्या. हात तेवढा हलत होता, कारण खाली घ्यायचं सुचलं नाही. जोडापासून चार-पाच पावलांवर आले आणि ह्यांनी दचकून अंग मागे घेतलं.

‘अगं बाई! अशी अचानक कुटनं उगवलीस?’

माझ्या मामांना काचबिंदू होता. करकंबच्या बाजारात मामा समोरच्या माणसाच्या हातातलं नाणं ओळखायचे आणि शेजारी उभ्या म्हशीला धडकायचे. लहानपणी आम्ही पोरं हसायचो. शेवटी शेवटी मामांना ताट हातानं चाचपून जेवावं लागायचं. ते सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी हात खाली घेतला. जवळ जाऊन म्हटलं, ‘उजवीकडचं बघू या. तुम्ही जोडावरची नजर हलवायची न्हाय हं. मी दिसले की हात वर करा.’

‘आणि हे कशाला?’

‘सांगितलं तेवढं करा की.’

मी उजव्या टोकाला गेले. हात वर केला आणि चालायला लागले. हळू. फार हळू. देवाला काय काय बोलले त्या वाटेवर, ते लिहिण्यासारखं नाही. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता करतील हात वर. आता. आता तरी. हे उभे, गुणी विद्यार्थ्यासारखे, नजर जोडावर, ओठांवर हसू. मी जोडाच्या अगदी जवळ आले तेव्हा हात वर गेला.

‘दिसलीस!’ म्हणाले. काय आनंद झाला होता त्यांना!

कार्यक्रम सुरू व्हायला फार वेळ नव्हता. सांगावं का? सांगायचं तर काय सांगू? अहो, तुम्ही आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम करायला निघालात, आणि तुम्हाला हा पडदा दिसतच नाही? त्यांनी त्या दिवसासाठी शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. आयोजकांना सांगून ठेवलं होतं, मिक्सरवर दुसरं कुणी नाही, मीच बसणार. आणि मला हेही कळत होतं की सांगितलं की संपलं. आज नाही तर उद्या ते मिक्सरवरून उठणार. मग आजचा दिवस तरी बसू देत. मी ठरवलं आणि डोळे पुसले. चित्राच्या कडा मीच आत-बाहेर करून बसवल्या. ह्यांना म्हटलं, तुम्ही चहा घेऊन या.

माझा कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट करून डावीकडे रोखून ठेवला. उजवीकडे आमचा नेहमीचा कॅमेरावाला होताच, कानात मिक्सरवरचं बोलणं ऐकायचं यंत्र लावलेला. आणि मी मिक्सरशी, ह्यांच्या शेजारी, खुर्ची ओढून बसले.

‘आज काय लाडात आलीस?’ हे म्हणाले. ‘कॅमेरा सोडून?’

‘पाय दुखतायत.’

‘मग बस की. बघ तुझा नवरा काय करतो ते.’

कार्यक्रम सुरू झाला. डावीकडून शाळेची पोरं, उजवीकडून दवाखान्याच्या नर्स. मी ह्यांच्या कानाशी बोलत राहिले. डावीकडनं चौघं आलेत. उजवीकडं अजून कुणी न्हाय. आता निघाल्या. डावा अर्धा घ्या. आता दोन्ही. आधी हे म्हणाले, ‘दिसतंय गं मला, बडबडू नको.’ पण हळूहळू बोट माझ्या शब्दावर पडायला लागलं. मी ‘उजवा’ म्हणायचा अवकाश, बटण दाबलेलं असायचं. मी म्हटलं, ‘उजवीकडं, दुसरी नर्स, टोपी पडतीय, जवळनं!’ आणि ह्यांनी उजव्या कॅमेऱ्याचं जवळचं चित्र पन्नास फुटांवर फेकलं. नर्सची टोपी घसरली, तिनं ती वरच्या वर झेलली आणि अशी खुदकन हसली की अख्खी शेड हसली. टाळ्या पडल्या.

‘बघ! कशी पकडली!’ माझ्या गुडघ्यावर थाप मारून हे म्हणाले.

‘लई भारी,’ मी म्हटलं.

शेडमधले सगळे लोक माना फिरवत होते. ह्या टोकाकडून त्या टोकाकडे, परत ह्या टोकाकडे. एकटे हे सरळ बघत होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही कमी पडतंय असं जरासुद्धा नव्हतं.

हे मला पुढे डॉक्टरांनी समजावलं. ते इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. ह्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, ‘कडेला काळं दिसायला नको का? मला कुटंच काळं दिसत न्हाय. सगळं भरलेलंच दिसतंय.’ डॉक्टर म्हणाले, तसंच असतं; जे दिसत नाही ते मेंदू स्वतःच भरून काढतो, माणसाला वाटतं पूर्ण दिसतंय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली जपायची, थेंब चुकवायचे नाहीत. हे ऐकून बाहेर आल्यावर हे बाकड्यावर बसून राहिले आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर, अगदी समोर, उकिडवी बसले, म्हणजे मेंदूनं भरून काढलेली नको, मी खरीच दिसावी.

कार्यक्रम छान झाला. आयोजक काकांनी ह्यांचा हात हातात घेऊन सोडला नाही. ‘दोन प्रोजेक्टर आहेत हे खरं वाटत नाही,’ म्हणाले. ‘जोड कुठे आहे ते शोधत होतो.’ हे लाजले. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हिनं लई मदत केली.’ मी पदर तोंडाला लावून केबल गुंडाळायला गेले. केबल गुंडाळायचं एक बरं असतं, खाली मान घालून करता येतं.

सामान टेम्पोत भरून झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हे गुणगुणत पुढच्या दाराशी आले आणि खिशातून चावी काढली.

‘चावी द्या,’ मी म्हटलं.

‘का?’

‘टेम्पो हितं राहू द्या. आपण रिक्षानं जाऊ.’

‘येडी का खुळी तू? एवढं सामान टाकून?’ दार उघडून चढायला लागले. मी त्यांचा हात धरला. जोरातच धरला असणार, कारण ते थांबले.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘तुमाला कडंचं दिसत न्हाय.’

‘कुठल्या कडंचं?’

‘दोन्ही कडंचं.’

आधी हसले. मग चिडले. मला सुईत दोरा ओवता येतो, म्हणाले. पेपर बिनचष्म्याचा वाचतो. आत्ता सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या काय उगाच? तू काय डॉक्टरीण लागून गेलीस? मी उलटून भांडले नाही. त्यावरूनच त्यांना कळलं असणार. मग मी दुपारचं सांगितलं. डाव्या टोकापासून हात हलवत आले ते. उजव्या टोकापासून आले ते. मामांचं नाव काढलं नाही, पण मामा त्यांनी पाहिलेले होते.

हे गाडीच्या दाराला टेकले. मग चावी माझ्या हातात दिली आणि चार पावलं पुढे गेले. समोर शेडची रिकामी भिंत होती, तिच्याकडे तोंड केलं. दोन्ही हात बाजूला पसरले, पूर्ण, खांद्याच्या रेषेत.

‘आता सांग,’ म्हणाले. ‘हात हितं दिसायला पायजेत का?’

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. ‘बोटं हलवा,’ मी म्हटलं. ‘आणि हळूहळू पुढं आणा. मान हलवू नका.’

ह्यांनी बोटं हलवली. हात पुढे आणायला लागले. साउंडवाले सामान चढवता चढवता बघायला लागले, बघोत. हात तिरके झाले. बोटं हलतायत. ‘अजून न्हाय,’ हे म्हणाले. आणखी पुढे आले. ‘अजून न्हाय.’ आवाज बारीक झाला होता. हात आणखी जवळ आले, आणखी, तळवे समोरासमोर आले, नमस्काराला उरावं तेवढंच अंतर उरलं. तिथे ते थांबले. बोटं हलायची थांबली.

‘आत्ता दिसले,’ म्हणाले.

हात तसेच धरून ठेवले होते. त्या दोन तळव्यांमध्ये जेवढं मावत होतं, तेवढंच जग माझ्या माणसाला उरलं होतं.

‘तुला कुटनं दिसले गं?’

खोटं बोलावं असं लई वाटलं. एरवी मी खोटं बोलायला मागेपुढे बघत नाही.

‘मला सुरुवातीपासनं दिसत हुते,’ मी म्हटलं.

ह्यांनी हात खाली सोडले आणि मला बघायला मान वळवली. मी तोवर सरकून त्यांच्या डाव्या खांद्यापाशी आले होते. त्यांनी मान उजवीकडे वळवली.